बाँडबाईची भूल

त्या डॉक्टरीणबाईला चांगलं नाव होतं, नावापुढे पदवी होती, पदवीखाली शिक्का होता. गावानं ते सगळं बाजूला ठेवलं आणि तिला ‘बाँडबाई’ करून टाकलं. त्याला कारण केंद्रातल्या मावशी. आरोग्य केंद्रात झाडलोट करणं, पाणी तापवणं, किल्ल्या सांभाळणं आणि बातम्या पसरवणं ही चारही कामं मावशींकडे होती, आणि चौथं त्या जीव ओतून करायच्या. “नवी डॉक्टर बाँडवर येतेय हो, बाँडवर!” असं त्यांनी महिनाभर आधीच घरोघर सांगून ठेवलं. आधीचे डॉक्टर मोटारसायकलवर यायचे, त्यांच्या आधीचे सायकलवर. हे बाँड कसलं वाहन असतं ते बघायला चार माणसं मुद्दाम फाट्यावर जाऊन उभी राहिली. उतरली ती आपली बसमधूनच, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात स्टोव्ह घेऊन. माणसं हिरमुसली, पण नाव राहिलं.

बाँड म्हणजे कागद होता. ‘ग्रामसेवा शिष्यवृत्ती’ नावाच्या योजनेत सरकारनं तिला फुकट डॉक्टर केलं होतं, आणि त्या बदल्यात तिनं पाच वर्षं खेड्यात काढायची होती. त्यातली दोन झाली की एखाद्या विषयात तज्ज्ञ व्हायला तीन वर्षांची मोकळीक; मग शिकून परत त्याच केंद्रात यायचं आणि उरलेली तीन भरायची. पुस्तिकेत हे सगळं बेचाळीस पानांत समजावलं होतं, तेही असं की चाळिसाव्या पानापर्यंत पोचलेला माणूस पहिलं पान साफ विसरावा. विषय मात्र ‘ग्रामीण भागाच्या निकडीचा’ हवा, संधी एकदाच, आणि वरच्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र हवं. म्हणजे कोणाचीच हरकत नाही, असं कोणीतरी लिहून द्यायचं. हरकत घ्यायला एक माणूस पुरतो. हरकत नाही म्हणायला सात सह्या लागतात.

दुसरं वर्ष सरत आलं तशी घरात तिच्या विषयाची चर्चा सुरू झाली. घर म्हणजे शहरातल्या एका बोळातलं बाबांचं शिलाईचं दुकान आणि त्यामागच्या दोन खोल्या. ती सुटीला आली की कापड कापायच्या टेबलाभोवती बैठक बसायची. तिथं डॉक्टर ती एकटीच, त्यामुळे तिचं सोडून सगळ्यांचं मत घेतलं जायचं.

“कातडीची डॉक्टर हो,” मामा म्हणाला. मामानं जन्मभर विमा विकला होता, त्यामुळे दुसऱ्याच्या भविष्याची त्याला फार काळजी. “खाजेला घाई नसते बघ. पेशंट सकाळी दहाला येतो, रांगेत बसतो, खाजवत बसतो. अवेळी कोणी दार वाजवत नाही.”

“त्यापेक्षा डोळ्यांची हो,” आत्या म्हणाली. “डोळे दोन असतात. गिऱ्हाईक एक आणि काम दुप्पट.”

“मग दातांची हो म्हण की,” सुईत दोरा ओवत बाबा म्हणाले. “बत्तीस असतात.”

“मला भूल शिकायचीय,” ती म्हणाली.

आत्यानं हळूच विचारलं, “कसली भूल गं? काही झालंय का तुझ्या हातून?”

“अगं आत्या, भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी पेशंटला झोपवायचं, ऑपरेशनभर त्याचा श्वास सांभाळायचा, आणि शेवटी त्याला उठवायचं.”

“झोपवायचं?” मामाचा चेहराच पडला. “सतरा वर्षं शिकून लोकांना झोपवायचं? ते तर मी विम्याची माहिती सांगूनही करतो! आणि नाव कोणाचं होणार? कापणाऱ्याचं. शुद्धीवर आलेला माणूस त्याच्या पाया पडणार. तुझं तोंड तरी आठवेल का त्याला?”

“कोटाला आतून अस्तर असतं,” बाबा सुईवरून नजर न काढता म्हणाले. “ते कोणी बघत नाही. पण ते नीट नसेल तर वरचं कापड कितीही भारी घ्या, कोट अंगावर बसत नाही. शिकू दे तिला.”

मामानं कपाळाला हात लावला. पण दुकान बाबांचं, टेबल बाबांचं आणि मुलगीही बाबांची, त्यामुळे बैठक तिथंच मोडली.

भूलच का, हे मात्र तिनं त्या टेबलावर कोणाला सांगितलं नाही.

केंद्रात ऑपरेशनची खोली होती. होती म्हणजे काय, दृष्ट लागेल अशी होती. अकरा वर्षांपूर्वी कोणा मोठ्या माणसानं फीत कापून ती उघडली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले, मंडळी जेवायला गेली आणि मावशींनी खोलीला कुलूप लावलं. ते कुलूप पुढं फक्त दर सोमवारी, धूळ पुसायला निघायचं. वर भलामोठा दिवा, खाली टेबल, आणि टेबलावर अजून कारखान्यातून आलेला प्लास्टिकचा कागद. कापणारा होता. दर गुरुवारी मोठ्या दवाखान्यातून एक सर्जन यायचे, त्यांना सगळे ‘गुरुवारचे साहेब’ म्हणायचे. भूल देणाराच नव्हता. ती जागा अकरा वर्षं भरली गेली नाही, कारण ती रिकामी आहे हे वर कोणी कळवलंच नव्हतं. आणि कळवलं नव्हतं, कारण रिकाम्या जागांचा तक्ता भरायचं काम भूल देणाऱ्या डॉक्टरकडे दिलेलं होतं. आता बोला! त्यामुळे गुरुवारचे साहेब यायचे, गळवं फोडायचे, टाके घालायचे, चहा घ्यायचे, आणि काही मोठं निघालं की चिठ्ठी लिहून दोन तासांवरच्या मोठ्या दवाखान्याची वाट दाखवायचे.

तिच्या दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, अशाच एका गुरुवारी भर दुपारी, गावचा पोस्टमन बायकोला घेऊन आला. पहिलटकरीण, दोन दिवसांच्या कळांनी पार गळून गेलेली, आणि मूल आडवं आलेलं. साहेब तपासून बाहेर आले आणि बाँडबाईला बाजूला घेऊन म्हणाले, “दोन तासांचा रस्ता हे मूल सोसणार नाही. मी कापतो. औषध कपाटात आहे. भूल तू दे.”

“मला येत नाही, सर.”

“पुस्तकात वाचली असशील की. अंदाजानं दे.”

मावशींनी कुलूप काढलं. टेबलावरचा प्लास्टिकचा कागद अकरा वर्षांत पहिल्यांदा फाटला. बाँडबाईनं औषधाची बाटली हातात घेतली. कमी पडली तर बाई जागेपणी कापली जाणार; जास्त झाली तर तिचा श्वास थांबणार, आणि थांबलेला श्वास परत कसा सुरू करायचा हे तिनं शिकताना फक्त लांबून पाहिलेलं. टेबलावरच्या बाईनं तिचं मनगट धरलं आणि विचारलं, “बाई, तुम्हाला येतं ना?”

“नाही,” बाँडबाई म्हणाली.

मग चिठ्ठी झाली, गाडी आली, दोन तासांचा रस्ता झाला. बाई वाचली. बाळ वाटेतच गेलं.

निम्मं गाव म्हणालं, बाँडबाई घाबरली. निम्मं म्हणालं, बरं केलं, नाहीतर दोन्ही जीव गेले असते. गुरुवारच्या साहेबांनी त्या दिवसाच्या रकान्यात नेहमीसारखं ‘शस्त्रक्रिया: निरंक’ लिहिलं. ती मात्र त्या बंद दारावरून जाताना रोज स्वतःशी भांडायची. घाबरले की बरोबर वागले? कधी या बाजूनं वकिली करायची, कधी त्या. निकाल काही लागत नव्हता, आणि अंदाजानं दिली असती तर काय झालं असतं ते कोणीच कधी सांगू शकणार नव्हतं. त्या एका ‘नाही’नं तिचं खाणंपिणं नकोसं केलं होतं.

पोस्टमन पंधरा दिवसांनी कामावर आला. केंद्राचं टपाल टेबलावर ठेवून तो तिथंच घुटमळला.

“बाई, ती म्हणते, खोटं बोलला नाहीत ते बरं झालं,” तो म्हणाला. “पण ती असंही म्हणते, बाईंना भूल देता येईपर्यंत मी पुन्हा या भानगडीत पडणार नाही.” मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “म्हणजे तुमच्या शिक्षणाचं नियोजन, तेच आमचं कुटुंबनियोजन.”

तिला हसू आलं नाही. पण त्याच दिवशी तिनं कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून वर्षं मांडली: परीक्षा कधी, जागा कधी, सुटका कधी, परत कधी. बैठकीत मामा कातडी आणि आत्या डोळे सुचवत होती, तेव्हा तो कागद सहा महिन्यांचा जुना झाला होता.

परीक्षा तिनं चांगली दिली. शहरातल्या मोठ्या शिक्षण-रुग्णालयात तिला भूल शिकायची जागा मिळाली. अट एकच: पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ना-हरकत पत्र घेऊन हजर व्हायचं. नाहीतर जागा खालच्या उमेदवाराला, आणि योजनेत संधी एकदाच, हे वर सांगितलंच आहे.

तिनं अर्ज मागवला. वर ठळक सूचना होती: ‘अर्ज स्वभाषेत, सोप्या व कमीत कमी शब्दांत भरावा.’ बाँडबाईचं चुकलं ते इथं, की तिनं सूचना वाचली आणि पाळलीसुद्धा. तिनं लिहिलं:

विषय: भूल.
कालावधी: तीन वर्षे.
कारण: केंद्राला हिची निकड आहे.
हेतू: परत येऊन सर्व रुग्णांना लाभ देणे.

पाच आठवड्यांनी पोस्टमन पाकीट नाचवत आला. दोघांनी ते केंद्राच्या पायरीवरच उघडलं.

‘विषय: आपल्या भुलीबाबत. महोदया, आपण आपली भूल स्वतःहून लेखी मान्य केलीत, ही बाब स्तुत्य आहे. तथापि सदर भूल आपण पुढील तीन वर्षे चालू ठेवू इच्छिता व तिचा लाभ सर्व रुग्णांना देऊ इच्छिता, असे अर्जावरून दिसून येते. सबब, आपले प्रकरण चूक-भूल दुरुस्ती कक्षाकडे वर्ग करण्यात आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.’

पोस्टमननं पत्र दोनदा वाचलं. “बाई,” तो म्हणाला, “ज्यानं हे लिहिलंय त्याला आधीच कोणीतरी भूल दिलेली दिसते.”

दुसऱ्या दिवशी ती शहरातल्या वरच्या कार्यालयात गेली. चूक-भूल दुरुस्ती कक्ष तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून होता. दारावरच्या पाटीवर रंगाऱ्यानं ‘चुक’ असं ऱ्हस्व लिहिलं होतं आणि कोणीतरी खडूनं त्याचा उकार दीर्घ केला होता. आत एकच टेबल, एकच पंखा, आणि कपाटांच्या वर छताला टेकलेल्या फायली. टेबलामागच्या गृहस्थांना सगळी इमारत ‘खुलासेराव’ म्हणायची, कारण चहा थंड आला तरी ते चहावाल्याकडे लेखी खुलासा मागायचे.

“बसा,” खुलासेराव म्हणाले. “लाजू नका. भूल सगळ्यांकडून होते. फक्त तीन वर्षांची परवानगी आजवर कोणी मागितली नव्हती.”

“साहेब, भूल म्हणजे चूक नव्हे. ऑपरेशनच्या आधी देतात ती भूल.”

“ऑपरेशनच्या आधीच देतात? आमच्या माहितीप्रमाणे चूक ऑपरेशनमध्ये होते.”

“अहो, औषध असतं ते! तुम्ही कधी दात काढून घेतलाय का? हिरडी बधिर करतात की नाही आधी? तसंच, पण सगळ्या अंगाला.”

खुलासेरावांचा हात आपोआप उजव्या गालावर गेला. दात त्यांनी काढलेला होता, आणि तो अजून लक्षात होता.

“अस्सं होय! मग तसं लिहायचं ना,” ते म्हणाले. टेबलाच्या कोपऱ्यात सरकारी शब्दांचा जाडजूड कोश होता आणि त्यावर त्यांचा जेवणाचा डबा. त्यांनी डबा उचलला, कोशावरची धूळ फुंकली आणि बोट फिरवत फिरवत शब्द शोधून काढला. “हा बघा. बधिरीकरण! हा शासनमान्य. भूल म्हणजे आपली बोलीभाषा झाली.” त्यांनी लाल शाईनं ‘भूल’ खोडलं, ‘बधिरीकरण’ लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. “आता घरी जाऊन निवांत झोपा.”

तिला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. परतीच्या बसमध्ये ती खरोखरच झोपली.

बारा दिवसांनी दुसरं पाकीट आलं. या वेळी पोस्टमन ते नाचवत आला नाही. पाकिटाच्या जाडीवरून त्याला आतला मजकूर कळायचा.

‘आपला बधिरीकरणाचा अर्ज कर्णबधिर कल्याण विभागाकडे अभिप्रायार्थ पाठवण्यात आला होता. सदर विभागाचा अभिप्राय पुढीलप्रमाणे: नागरिकांना बधिर करण्याचे प्रशिक्षण देणे या विभागाच्या धोरणाशी पूर्णतः विसंगत आहे. शिवाय ग्रामीण भागात बधिरांची संख्या सध्या पुरेशी आहे. सबब, निकड सिद्ध होत नाही.’

“आगीतून फुफाट्यात!” मावशी म्हणाल्या. तिनं बाबांना फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. बाबांनी शेजारच्या निवृत्त मास्तरांना विचारलं आणि पाच मिनिटांत उलटा फोन केला. “मास्तर म्हणतात, खरा शुद्ध शब्द ‘संज्ञाहरण’. तो घाल.”

“नको बाबा,” ती म्हणाली. “हरण दिसलं की कागद वनखात्यात जाईल.”

बाबा हसले नाहीत. “तू स्वतः जा,” ते म्हणाले. “माप घ्यायला माणूस समोर लागतो. कागदावर माप येत नाही.”

महिन्याचा शेवटचा शुक्रवार उजाडला. ती पहिल्या बसनं निघाली, तर बस अर्ध्या वाटेत बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत दुपार झाली. तिसरा मजला चढली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजत होते. खुलासेराव डबा धुऊन कोशावर पालथा घालत होते.

“मला वाटलंच, याल म्हणून,” ते म्हणाले. “तुमची फाइल फार गुंतलीय हो. दोन विभाग फिरून आली, आता विषय बदलता येत नाही. फाइल जिथून निघाली तिथंच बंद व्हायला हवी. म्हणजे इथं, चूक-भूल म्हणूनच.”

“म्हणजे मला काय करावं लागेल?”

“तुम्हाला काही नाही. मी तुमची भूल माफ करतो! माफ झाली की तुमच्या नावावर प्रलंबित काही राहत नाही. प्रलंबित नाही असं दिसलं की मोठे साहेब ना-हरकतीवर डोळे मिटून सही करतात. बाकीच्या सहा आधीच झाल्यात.”

“आणि पत्रात विषय कोणता लिहिणार?”

“ना-हरकत पत्रात विषय नसतोच,” खुलासेराव म्हणाले. “‘पुढील शिक्षणास हरकत नाही’ एवढंच छापील असतं.”

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “मग दोन महिने विषयावरून चाललं होतं काय?”

“खुलासा,” ते शांतपणे म्हणाले, आणि एक कोरा कागद त्यांनी पुढं सरकवला. “फक्त एक हमीपत्र द्या. स्वतःच्या हस्ताक्षरात. ‘यापुढे मी भूल देणार नाही.’ मी मुद्दाम ‘करणार’ऐवजी ‘देणार’ म्हणतोय, तुमच्या धंद्याला धरून.”

संताप तिच्या थेट डोक्यात गेला. कोश उचलून खिडकीबाहेर फेकावा, वर डबाही फेकावा, असं तिला वाटलं. पण पाच वाजायला सव्वा तास होता, आणि कोश फेकल्याचा खुलासा लिहायला तेवढा वेळ पुरला नसता. ती कागद घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

‘यापुढे’ लिहिलं. ‘मी’ लिहिलं. आणि पेन थांबलं.

उद्या शिकून आल्यावर हाच कागद कोणीतरी पुढं करेल, ही भीती होतीच. पण हात अडला होता तो वेगळ्याच गोष्टीनं. भूल देणार नाही. हेच तर ती त्या दुपारी म्हणाली होती. तोच ‘नाही’ आता सरकार तिच्याकडून लिहून मागत होतं, तोही शिक्क्यासकट. मनगटावरची ती पकड तिला आठवली, घामानं ओली आणि घट्ट. “तुम्हाला येतं ना?” त्या बाईनं घाबरलात का असं विचारलं नव्हतं. येतं ना, एवढंच विचारलं होतं. आणि येत नव्हतं.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जिन्यावरून जाणाऱ्या चहावाल्याला वाटलं, हिचा पण खुलासा नामंजूर झाला. तिनं ओढणीनं तोंड पुसलं, कागद उलटा केला, आणि कोऱ्या बाजूला एका दमात लिहिलं:

‘न शिकता मी कोणालाही भूल देणार नाही.’

खाली सही केली.

खुलासेरावांनी कागद टेबलावर पसरला आणि बोट ठेवून तपासला. “भूल... आहे. नाही... आहे. सही... आहे.” त्यांनी शिक्का उचलला, त्यावर हाः करून फुंकर मारली आणि कागदावर दणकन आपटला. “मनापासून लिहिलेलं हमीपत्र वाचताक्षणी कळतं बघा मला. एवढ्या वर्षांचा अनुभव आहे.”

सातवी सही व्हायला पंचवीस मिनिटं लागली. मोठ्या साहेबांचे डोळे खरंच मिटलेले होते, त्यांना आधी उठवावं लागलं. पत्र तिच्या हातात देताना खुलासेराव वडिलकीच्या सुरात म्हणाले, “जा आता. पण पुन्हा भूल करू नका हं.”

“करणार, साहेब,” ती म्हणाली. “रोज करणार.”

“फाइल बंद झालीय,” खुलासेराव म्हणाले. “आता काय हवं ते करा.”

ती जिने उतरली नाही, घरंगळली म्हणा ना. पाचला दहा कमी असताना तिचं नाव शिक्षण-रुग्णालयाच्या वहीत चढलं.

तीन वर्षांनी बाँडबाई बसमधून त्याच फाट्यावर उतरली. मावशींनी आठवडाभर आधीच गावाला सांगून ठेवलं होतं, “बाई भूल शिकून येतायत, मोठ्ठी भूल!” पहिल्याच दिवशी तिच्या पुढ्यात रिकाम्या जागांचा तक्ता आला. तिनं तो भरला: रिकामी जागा नाही. चौदा वर्षांत वर पोचलेला तो पहिला तक्ता होता, त्यामुळे वरून लगेच विचारणा आली की ही जागा रिकामी होती हे आम्हाला आधी का कळवलं नाही. तिनं ते पत्र मावशींना दिलं आणि मावशींनी ते चुलीजवळच्या डब्यात ठेवलं. कुलूप निघालं. गुरुवारच्या साहेबांचे केस पिकले होते, पण हात चालत होते. हर्निया झाला, अपेंडिक्स झालं, आणि ‘निरंक’ लिहायचा रकाना भरायला लागला.

पोस्टमन रोज टपाल टाकायचा, काही बोलायचा नाही. चार-पाच महिन्यांनी एकदा पाकिटं ठेवता ठेवता म्हणाला, “बाई, घरी नियोजन उठवलंय.” आणि कान लाल करून सायकलवर बसून गेला.

त्यानंतरच्या वर्षी, एका गुरुवारी दुपारी, तो बायकोला घेऊन आला. हेही मूल आडवंच होतं. या वेळी कोणी चिठ्ठी लिहिली नाही. मावशींनी दार उघडलं, दिवा लागला. बाँडबाईनं तिला टेबलावर बसवलं, पाठ वाकवायला सांगितली आणि हातात सुई घेतली. कमरेखालचं अंग बधिर करायचं, बाकी बाई जागी, अशी ही भूल. सुई टोचण्याआधी बाईनं मान वळवली आणि तिचं मनगट धरलं.

“बाई, आता येतं ना?”

“येतं,” बाँडबाई म्हणाली.

मग बाईला आडवं केलं, छातीपाशी हिरवा पडदा लावला. गुरुवारचे साहेब पडद्याच्या पलीकडे गेले, ते काही तिला दिसले नाहीत. तिला दिसत होता एकच चेहरा, उशाशी वाकलेला, तिच्याशी बोलत राहिलेला. मामाला हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

पलीकडून आधी नुसता खळबळाट ऐकू आला. मग एक बारीकसं, चिडलेलं रडणं आलं. मावशी दारातूनच ओरडल्या, “मुलगी! मुलगी!” बाहेर पोस्टमनची सायकल कशावर तरी जाऊन पडली.

टेबलावरची बाई हसत होती. हसता हसता तिनं वर पाहिलं.

“बाई, तुम्ही का रडताय?”

“खुलासा सात दिवसांत करते,” बाँडबाई म्हणाली.